जांभई देताना वर जाणारा हात सांगितल्यावर का उचलत नाही?

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका सूनबाईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांना अडीच महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता उजवा हात कोपरात वाकून छातीशी आलाय आणि मूठ घट्ट मिटलेली असते. सांगितलं तर हात हलत नाही, पण जांभई आली की तोच हात आपोआप खांद्यापर्यंत वर जातो. नातेवाईक म्हणतात, ‘मनावरच घेत नाहीत.’ गेल्या आठवड्यात गरम चहाचा पेला उजव्या हाताला लागून फोड आला, त्यांना पत्ताही नव्हता. त्याच घरात धाकटे दीर स्कूटरवरून पडले, दंडाचं हाड मोडलं, आणि पाच आठवडे झाले तरी मनगट लुळं लोंबतंय. दोघांच्याही बाबतीत घरच्यांना ‘नसेचा प्रॉब्लेम’ असंच कळलं. मग एकाचा हात ताठ आणि दुसऱ्याचा लुळा असं का? आणि दोघांनाही रबरी चेंडू दाबायला द्यायचा का?

आधी जांभईचं सांगते, कारण त्यावरून घरात कुणी बाबांना बोलत असेल तर ते आजच थांबायला हवं. ठरवून केलेली हालचाल मेंदूच्या वरच्या थरातून निघते. बाबांच्या डाव्या मेंदूतली ती वाट तुटली आहे. जांभई तिथून येत नाही. ती मेंदूच्या देठातून येते. श्वास, गिळणं, उचकी हे सगळं जिथून चालतं तिथून. त्या देठातून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या काही जुन्या वाटा असतात आणि त्या बाबांच्या शाबूत आहेत. जांभईबरोबर त्या जाग्या होतात, हात वर जातो, जांभई संपली की खाली येतो. त्यात त्यांच्या इच्छेचा भाग नाही. म्हणून त्यांना तो हात उचलता येत नाही, तसा त्या क्षणी थांबवताही येत नाही. शिकत असताना इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात मी हे पहिल्यांदा पाहिलं. पेशंटची बायको आनंदाने रडायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तीच बाई नवऱ्यावर चिडून म्हणत होती, ‘काल उचललात, मग आज का नाही?’ तो माणूस नुसता बघत राहिला. त्याचे डोळे मला अजून आठवतात. तेव्हापासून लकव्याच्या प्रत्येक घरात मी हे पहिल्या दिवशीच समजावून सांगते.

असंच तुम्हाला चेहऱ्यातही दिसेल. ‘दात दाखवा’ म्हटलं की तोंड एका बाजूला ओढलं जातं, पण नातवाला बघून हसले की हसू बऱ्यापैकी सरळ येतं. ज्यांची वाचा गेलेली असते त्यांना समोरच्या भांड्याकडे बघून ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण सगळ्यांबरोबर आरती म्हणतात, पाढे म्हणतात. घोकलेलं आणि भावनेतून आलेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, नवं वाक्य जुळवणं वेगळ्या. यातलं काहीही सोंग नसतं. आणि जांभईला हात वर गेला म्हणजे उद्या तो ठरवून उचलेल, असंही त्यावरून सांगता येत नाही. त्यावरून एवढंच नक्की कळतं की खांद्यापासून खालचा रस्ता चांगला आहे. स्नायू जिवंत आहेत, सांधा मोकळा आहे, हुकूम तेवढा येत नाही.

आता ‘नस’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे रक्ताची वाहिनीही नस, मज्जातंतूही नस आणि मनगटावर दिसणारी शिरही नस. बाबांच्या मेंदूत जी ‘नस’ बंद पडली ती रक्तवाहिनी. भाऊजींच्या दंडात जिला मार बसला तो मज्जातंतू. शब्द एक असल्यामुळे घरचे लोक दोघांना एकच तेल, एकच व्यायाम, एकच चेंडू देतात.

मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत जातो. जुन्या काळी माळव्यात टपाल जसं हरकारे नेत, एक हरकारा चौकीपर्यंत धावायचा आणि तिथून दुसरा पुढे, तसं समजा. पहिला हरकारा मेंदूच्या वरच्या थरातून निघतो, मानेच्या वर बाजू बदलतो (या वाटेतले दहापैकी जवळजवळ नऊ तंतू तिथे पलीकडे जातात, म्हणून डाव्या मेंदूचा आजार उजव्या हातात दिसतो) आणि मज्जारज्जूतल्या चौकीवर येऊन थांबतो. तिथून दुसरा निघतो तो थेट स्नायूत. बाबांचा पहिला हरकारा पडला आहे, भाऊजींचा दुसरा. सगळा फरक इथून सुरू होतो.

पहिला हरकारा फक्त ‘हल’ म्हणत नाही, ‘आता पुरे’ हेही तोच सांगतो. मज्जारज्जूतल्या चौकीला स्वतःचीही एक खोड असते: स्नायू ताणला गेला की ती त्याला लगेच आवळायला सांगते. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो तो त्यामुळे. वरून सतत लगाम असतो म्हणून एरवी हे आपल्याला जाणवत नाही. लकव्यात सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, चौकीही गप्प असते. तेव्हा हात लुळा असतो आणि सगळ्यांना वाटतं की हा असाच राहणार. मग चौकी जागी होते, पण लगाम नसतो. थोडं ताणलं की आवळ, जोरात ताणलं की आणखी आवळ. हाताचे वाकवणारे स्नायू यात वरचढ ठरतात, म्हणून कोपर वाकतं आणि मूठ मिटते. पायात सरळ करणारे वरचढ, म्हणून गुडघा ताठ राहतो, पाऊल खाली वळतं आणि चालताना पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढत येतो. बाबांच्या तळपायाच्या कडेने डॉक्टरांनी किल्लीसारखं काहीतरी ओढून पाहिलं असेल. आपला अंगठा तेव्हा खाली वळतो, त्यांचा वर गेला असेल. जोसेफ बाबिन्स्की या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये 1896 साली ही खूण मांडली. मोठ्यांमध्ये अंगठा वर गेला की पहिला टप्पा बिघडलाय हे समजतं, आणि आज एमआरआय आल्यावरही प्रत्येक न्यूरॉलॉजिस्ट ती खूण बघतोच.

भाऊजींची गोष्ट उलटी. चौकी ठीक, मेंदू ठीक, पण चौकीपासून पुढे जाणारा तंतू दंडाच्या हाडाला बिलगून वळसा घेतो तिथेच हाड मोडलं. मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंना कुठलाच निरोप पोचत नाही, मेंदूचा नाही आणि चौकीचाही नाही. म्हणून ते ढिले पडतात, हातोडीला जुमानत नाहीत आणि काही आठवड्यांत वाळायला लागतात. भाऊजींच्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, दोन्ही हात शेजारी ठेवून बघा. मार लागलेला हात आतापर्यंत बारीक दिसायला लागला असेल. बाबांचा हातही वापर नसल्याने थोडा सुकेल, पण असा वाळणार नाही.

म्हणून चेंडूचं उत्तर दोघांसाठी वेगळं, पण दोघांनाही ‘नको’. बाबांची मूठ आधीच सुटत नाहीये. तिला आणखी दाबायला शिकवायचं कशाला? त्यांना उघडणं हवं आहे. हे माझं ठाम मत आहे. चेंडू दाबून दाबून बोटं आणखी घट्ट झालेले पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि चेंडू त्यांना प्रेमानेच कुणीतरी आणून दिलेला असतो. भाऊजींची मूठ मुळात अशक्त नाहीच. तुम्ही स्वतः मनगट पूर्ण खाली वाकवा आणि आता मूठ आवळून बघा. जमत नाही ना? त्यांची पकड यामुळे गेली आहे. मनगट थोडं वर धरणारा स्प्लिंट घातला की त्यांना त्याच दिवशी कप धरता येईल. तो स्प्लिंट दिवसभर हवा, रोज चार-पाच वेळा काढून सगळी बोटं, अंगठा आणि मनगट दुसऱ्या हाताने पूर्ण वर न्यायचं, म्हणजे नस परत येईपर्यंत सांधे आखडणार नाहीत.

बाबांची मूठ उघडायची एक पद्धत आहे. बोटं धरून ओढायची नाहीत. जितक्या झटक्याने ओढाल तितकी चौकी आवळणार. आधी त्यांचं मनगट हळूच खाली वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता मुळापाशी धरून बाहेर घ्या, बोटं उलगडा, आणि उलगडलेली ठेवून मनगट सावकाश वर आणा. तसंच अर्धा-एक मिनिट धरून ठेवा. नखं कापून ठेवा, तळहात रोज धुवून कोरडा करा. मिटलेल्या मुठीत जखमा होतात आणि जखम झाली की मूठ आणखी घट्ट होते. खरं तर कुठलीही टोचणी, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, पायाचं वाढलेलं नख, हे सगळं ताठरपणा वाढवतं. हात अचानक जास्त आखडला तर आधी हे शोधा. इतकं करूनही स्वच्छता ठेवणं अवघड जात असेल तर बॅक्लोफेनसारख्या गोळ्या किंवा ठरावीक स्नायूत बोटुलिनमचं इंजेक्शन हे उपाय आहेत. त्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा. इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने राहतो, आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम केला तरच ते पैसे कारणी लागतात.

खांद्याचं मात्र मी हात जोडून सांगते. पलंगावरून उठवताना बाबांना उजव्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो; ते ढिले असताना हाताच्या वजनानेच तो खाली घसरतो, आणि एका ओढीने महिनोन्‌महिन्यांचं दुखणं मागे लागतं. कमरेला आधार द्या, किंवा एक जुना ओढणीचा पट्टा कमरेला बांधून तो धरा. बसले असताना उजव्या हाताखाली उशी. दाराला कप्पी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम अजून खूप घरांत चालतो. तो बंद करा.

आता संवेदनेकडे येते, कारण चहाच्या फोडाने मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात जास्त काळजी लावली. इथेही बिघाड कुठे आहे ते हात बोलून दाखवतो. भाऊजींना विचारा, बधिरपणा कुठे आहे? हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेपाशी, रुपयाएवढ्या किंवा थोड्या मोठ्या जागेत. त्या तंतूच्या वाट्याला कातडीचा तेवढाच तुकडा आलेला असतो. बाबांना तसा तुकडा नाही. त्यांचा अख्खा हात, कदाचित चेहऱ्यापासून पावलापर्यंतची सगळी बाजू फिकी पडली आहे. मेंदूतली वाट बंद झाली की संवेदना अशी अख्ख्या बाजूने जाते.

तीही सगळी एकसारखी जात नाही. दुखणं आणि गरम-गार एका वाटेने वर जातं. हात कुठे आहे, बोट वर आहे की खाली, कंप जाणवतो का, हे दुसऱ्या. बाबांना डोळे मिटायला सांगा आणि त्यांचा उजवा अंगठा हलकेच वर किंवा खाली करा. कुठे आहे ते सांगता आलं नाही, तर समजा की थोडी ताकद परतली तरी बघितल्याशिवाय ते हात वापरणार नाहीत. अशा माणसाच्या हातातलं भांडं नजर हलली की पडतं. त्यांच्याशी हाताकडे बघत बघत काम करवून घ्यावं लागतं. रोज दहा मिनिटं तुमच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू पुरेत: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, काथ्याचा तुकडा, थंड वाटी. आधी डाव्या हाताला द्या, मग बघत उजव्याला, मग डोळे मिटून. आणि नियम करा: आंघोळीचं पाणी डाव्या हाताने तपासायचं, गरम पाण्याची पिशवी उजव्या बाजूला कधीच नाही, चहा समोर ठेवताना डावीकडे. फोड फोडू नका. मधुमेह असेल तर तो आजच डॉक्टरांना दाखवा.

काही जणांत जाणीव गेलेल्या बाजूलाच काही महिन्यांनी जळजळ सुरू होते. चादर घासली तरी आग होते, पंख्याचा वारा सोसत नाही. देजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी 1906 मध्येच याचं वर्णन केलंय. मेंदूच्या आतला, संवेदना पुढे पाठवणारा भाग दुखावला की असं होतं. ‘बधिर आहे म्हणता आणि दुखतं म्हणता, नक्की काय?’ असं घरचे विचारतात. दोन्ही खरं असतं. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा त्याला उपयोग होत नाही, नसांच्या वेदनेची औषधं वेगळी असतात. बाबांनी असं काही सांगितलं तर ते तसंच्या तसं डॉक्टरांपर्यंत पोचवा.

डाव्या बाजूच्या लकव्यात अजून एक विलक्षण गोष्ट दिसते. तुमच्याकडे ती नसेल, पण ओळखीत कुणी असेल म्हणून सांगते. रामबागेतल्या एका आजी रोज जेवताना रागवायच्या, ‘मला मीठ-लिंबू नाही, चटणी नाही, वाढता काय नुसतं!’ सून बिचारी सगळं वाढून थकलेली. आपल्या ताटात हे सगळं डावीकडे असतं. आजींचा उजवा मेंदू दुखावला होता आणि त्यांच्यासाठी जगाची डावी बाजूच नव्हती. डोळे ठीक होते, लक्ष तिकडे जात नव्हतं. ताट अर्धं फिरवलं की त्यांना चटणी सापडायची आणि भाजी हरवायची. आम्ही ताटाच्या डाव्या कडेला लाल कुंकवाचं बोट ओढून ‘आधी लाल शोधा’ असं शिकवलं. महिनाभरात त्या स्वतः मान वळवायला लागल्या.

भाऊजींबद्दल तुम्हाला बरी बातमी आहे. कातडी न फाटता दंडाचं हाड मोडतं तेव्हा या नसेला मार बसलेल्या दहापैकी सात किंवा जास्त जणांची नस आपोआप परत येते. पण तिची चाल ठरलेली आहे, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. ही चाल तंतू तुटला असेल तर. नुसता दबला असेल, तर काही आठवड्यांतच काम सुरू होतं. मोडलेल्या जागेपासून सगळ्यात जवळचा स्नायू कोपराच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला असतो. आधी तो जागा होईल. मूठ उभी, अंगठा वर ठेवून कोपर वाकवताना तिथे दोरीसारखं काही उठतं का ते दर रविवारी बघा आणि तारीख लिहून ठेवा. मग मनगट, आणि अंगठा वर उचलणं सगळ्यात शेवटी. नसेची तपासणी, जिला एनसीव्ही-ईएमजी म्हणतात, ती दुखापतीनंतर तीन आठवड्यांच्या आत केली तर फसवी येऊ शकते. आता पाच आठवडे झालेत, तर करून घ्यायला हरकत नाही. तीन-चार महिन्यांत हालचालीची काहीच खूण दिसली नाही तर ‘अजून वाट बघू’ म्हणत बसू नका, नसेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवा. निरोपाविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षाने नस पोचली तरी तिला दाद देत नाही.

ओघात आणखी थोडं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत देवास, सांवेरकडून माझ्याकडे हमखास एक-दोन तरुण येतात, ‘पायाला लकवा झाला’ म्हणत. तास न् तास उकिडवे बसून गुडघ्याच्या बाहेरची नस दबलेली असते, पाऊल लोंबतं, चालताना जिना चढल्यासारखा गुडघा उंच उचलतात. बहुतेक जण बसण्याची पद्धत बदलली की बरे होतात, आणि त्यांचा मेंदू उत्तम असतो. तळपाय दोन्ही बाजूंनी मोजे घातल्यासारखे बधिर झाले तर आधी साखर तपासा. मधुमेह सगळ्यात लांब तंतू आधी खातो. शुद्ध शाकाहारी घरात बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना माणूस तोल जाऊन पडायला लागला, तर बी-बारा तपासा. ते लवकर सापडलं तर इंजेक्शनने सुधारतं, उशीर झाला तर पूर्ण सुधारेलच असं नाही.

नातेवाईक बाबांना नीमचजवळ भादवामातेला नेऊ म्हणत असतील. आपल्या भागात लकव्याच्या पेशंटला तिथे नेतातच. जरूर न्या. बाबांची श्रद्धा असेल तर त्यांना तिथे जे बळ मिळेल ते मला माझ्या दवाखान्यात देता येणार नाही. फक्त रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, दगडी पायऱ्यांवर दोघांनी धरा, आणि उजव्या पायात चप्पल ठेवा किंवा मऊ पट्टी बांधा. तापलेली फरशी त्यांना कळणार नाही. तुमच्या घरात एकदा लकवा झालाय, तर हेही सगळ्यांना पाठ असू द्या: तोंड वाकडं, हात खाली पडणं, बोलणं जड होणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि सरळ सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी स्कॅन व्हावं लागतं.

उद्यापासून बाबांसाठी एक आरसा आणा, साधारण दोन वीत उंच. टेबलावर त्यांच्या छातीसमोर उभा करा, उजवा हात आरशाच्या मागे, डावा पुढे. आरशात बघत डाव्या हाताची मूठ उघडायची, मनगट उचलायचं, सावकाश, रोज वीस मिनिटं. आरशात त्यांना उजवाच हात उघडताना दिसेल, आणि त्याच वेळी मागचाही उघडायचा प्रयत्न करायचा. पहिले आठ-दहा दिवस काही होणार नाही. तुम्ही शेजारी बसा, भाऊजींनाही बसवा, त्यांचेही व्यायाम तेव्हाच होतील. आरशामागच्या हाताचं एखादं बोट हललं तर मला तारखेसकट कळवा.